खाडीबायचं नाक

आधी तिचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. कोलशेतला खाडीकाठी जिने मला राहायला खोली दिली, माझं पहिलं बाळंतपण जिच्या घरात झालं आणि माझ्याच हातून तिचं नुकसान झालं तेव्हाही जिने मला दार दाखवलं नाही, ती खाडीबाय. खरं नाव वेगळं होतं, पण रेशनकार्डाबाहेर ते कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही. खाडीबद्दल ती असं बोलायची, जशी काही एखादी जाऊ आतल्या खोलीत झोपली आहे. "आज तिचं पोट बिघडलंय," म्हणायची. नाहीतर, "आज खुशीत हाय." म्हणून सगळ्या कोळीवाड्याची ती खाडीबाय. मी तोंडावर नुसतं 'बाय' म्हणायचे.

तिचं नाक ही तिची पहिली खूण. बाय कुठलीही वस्तू डोळ्यांनी बघायच्या आधी नाकाने बघायची. मासळी तर सोडाच, पण तांदूळ, माठातलं पाणी, वाळत घातलेलं लुगडं, दारावर आलेल्या पाहुण्याची पिशवी, सगळं आधी नाकाशी. पाऊस येणार की नाही, शेजारणीची डाळ लागली की नाही, काठावरच्या कंपनीने आज पाण्यात काय सोडलं, हे तिला ओट्यावर बसून कळायचं. बाजारातल्या बायका तिची चेष्टा करायच्या, की बायचा नवरा लवकर गेला तो या नाकाला भिऊनच गेला. बाय त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायची आणि म्हणायची, "त्याच्या बिडीचा वास मना तीन घरं पलीकडून यायचा. बिचारा लपनार कुठं?"

आम्ही जत तालुक्यातले. लग्न होऊन मी आले तेव्हा अठराची होते, सातवीत शाळा सुटलेली, आणि तालुक्यापलीकडे काय आहे याची काहीच कल्पना नाही. यांना कोलशेतच्या एका कंपनीत काम लागलेलं. आम्ही खोली बघायला गेलो तर बायने भाडं नाही विचारलं, माणसं किती हेही नाही विचारलं. "हात दाव," म्हणाली. मी घाबरत हात पुढे केला. तिने तो उलटा करून हुंगला. गावाहून निघायच्या दिवशी पहाटे मी आईचं अंगण सारवून आलेले, तो वास दोन दिवसांच्या प्रवासातही गेला नव्हता. "शेनाचा वास हाय. कामाची हायस. ऱ्हा," म्हणाली, आणि किल्ली दिली. यांना तिने हात दाखवायला सांगितलं नाही. ते पुढे बरेच दिवस याच गोष्टीवरून खट्टू होते.

तिची बोली मला महिनाभर नीट कळत नव्हती. इथे लिहिताना मी ती जराशी सोपी करते आहे.

बायचा मुलगा होडी घेऊन जाळी टाकायला जायचा. जाळ्यात मासळीबरोबर काय काय येतं हे मी तिच्या दारात बसून पाहिलं. चपला, बाटल्या, दोऱ्या, रबराचे तुकडे, आणि नंतरनंतर त्या पातळ पिशव्या. बाकीच्या होड्यांवर हे सगळं जागच्या जागी पाण्यात परत जायचं. बायच्या होडीत मात्र त्यासाठी वेगळं डालगं होतं, वेताचं, रुंद तोंडाचं. भरलं की ते काठावर यायचं, निवडलं जायचं, भंगारात जाईल ते भंगारात, उरलं ते पालिकेच्या गाडीत. मुलगा कंटाळायचा. दिवसभर जाळी ओढून आल्यावर वर हा कचरा कशाला वाहायचा, असं एकदा माझ्यासमोरच म्हणाला. बाय शांतपणे म्हणाली, "तिनं ओकून काढलंय ते. तिला परत भरवतंस?" त्यानंतर त्याने विचारल्याचं मला आठवत नाही.

बाजारात ती मासळी भेंडीच्या पानात बांधून द्यायची. भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी मोठं झाड असतं ते, पत्त्यातल्या बदामासारख्या पानांचं. तेव्हा सगळीकडे पातळ पिशव्या आल्या होत्या आणि गिऱ्हाइकं पिशवी मागायची. बाय द्यायची नाही. घरून डबा घेऊन येणाऱ्या बाईला एक कोलंबी जास्त मिळायची, आणि ती देताना बाय आजूबाजूच्या चार जणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची, की ही डब्याची कोलंबी. नौपाड्यातल्या एक वकीलीणबाई दर बुधवारी झाकणाचा पितळी डबा घेऊन यायच्या. बायचं त्यांच्यावर फार प्रेम होतं. त्यांचा डबासुद्धा ती उघडल्यावर आधी हुंगायची आणि त्या हसत उभ्या राहायच्या.

घरात साबणाची वडी अंगापुरती. भांडी राखेने, नारळाच्या शेंडीने. मासळीची घाण, खवलं, डोकी सगळी मागच्या शेवग्याच्या बुंध्याशी पुरायची, आणि त्या शेवग्याच्या शेंगा एवढ्या यायच्या की आळीत वाटूनही उरायच्या. हे सगळं ती कुणाला शिकवायला करत नव्हती. कुणी मोठेपणा दिला तर तिला कळायचंही नाही कशाबद्दल.

एकाच बाबतीत मी तिला शिकवलं, आणि ते सांगताना मला अजून बरं वाटतं. आमच्याकडे पाणी म्हणजे जीव. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं भांड्यांना, भांड्यांचं तुळशीला, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. कोलशेतला नळाला पाणी सकाळी तासभर यायचं आणि लोक पिंप भरून वाहू द्यायचे. बाय माझं बघत राहायची. एक दिवस पाहते तर तिनेही तांदळाचं पाणी बाजूला काढून ठेवलेलं. मला म्हणाली, "गोड्या पान्यात तू माझी मास्तरीन. खाऱ्या पान्यात मी तुझी." सातवीत शाळा सुटलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मास्तरीण म्हटलं होतं. मी त्या दिवशी यांना तीनदा सांगितलं.

खाऱ्या पाण्यातला धडा नंतर यायचा होता.

दीड वर्षाने यांची कंपनी बंद पडली. मला पाचवा महिना लागलेला. हे रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, काम शोधत आंबिवलीपर्यंत जाऊन यायचे. मला भीती एकच, ही खोली जाईल आणि पोट घेऊन गावी परतावं लागेल. गावी दुष्काळ होता, तिथे एक तोंड वाढवायचं म्हणजे आईच्या डोळ्यात काय दिसेल ते मला माहीत होतं. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या भंगारवाल्या शेठकडे घरबसल्या काम मिळालं. यंत्राच्या तेलाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन आणायचे, धुऊन स्वच्छ करून परत द्यायचे. आत थोडं घासलेट ओतून घुसळायचं, म्हणजे चिकटा सुटतो. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. मग लाल झाकण सैल लावून ओळीने वाळत घालायचे.

मी हे खोलीच्या मागे करायचे. तिथून एक चर निघून सरळ खाडीत जायचा. आणि मी निष्काळजी नव्हते, हे मुद्दाम सांगते. मी काळजी करणाऱ्यातलीच, झोपेतसुद्धा चूल विझली का बघणारी. म्हणून मी कॅन फक्त ओहोटीला धुवायचे. पाणी उतरायला लागलं की बसायचे आणि ते काळपट पाणी चरातून खाली, खाली, नजरेआड जाताना बघायचे. आमच्याकडच्या माणसाने एवढं पाणी जन्मात पाहिलेलं नसतं. मला वाटायचं, या एवढ्या पाण्याला माझ्यासारखी एक बाई काय घाण करणार? आणि ओहोटी तर सगळं समुद्राला नेऊन देते.

बाय दिवसभर बाजारात असायची, तिला हे दिसलं नाही. तिचं नाक मात्र अस्वस्थ झालं. "काहीतरी हाय," म्हणायची आणि कंपन्यांच्या दिशेने बघायची.

तिची एक पद्धत होती. संध्याकाळी आलेली जिवंत मासळी, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, चिखलातल्या निवट्या, ती झाकणाच्या टोपलीत घालून घरामागे खाडीत उतरणाऱ्या पायरीखाली पाण्यात बांधून ठेवायची. सकाळी टोपली उचलायची आणि थेट बाजार. ठाण्याच्या बाजारात सकाळी जिवंत मासळी फक्त तिच्याकडे, आणि तिच्या शब्दाला किंमत होती ती त्या टोपलीमुळे. नाकाची बाई वाईट माल देणार नाही, अशी तिची ओळख.

एका बुधवारी ती दुपारी लवकर परत आली. वकीलीणबाईंनी आदल्या आठवड्याच्या चिंबोरीची आठवण ठेवून सांगितलं होतं, चारचौघींसमोर पण हळू आवाजात: "बाई, रागावू नकोस. शिजवताना घासलेटचा वास आला. पैसे नकोत मला, पण हे तुला सांगायला हवं." मग आजूबाजूच्या दोघीतिघी पुढे झाल्या, त्यांनाही तसाच वास आला होता, पण बायला कोण सांगणार म्हणून गप्प होत्या. बायने त्या दिवशीची टोपली तिथेच झाकली आणि घरी आणली. एक चिंबोरी उकडली, फोडली, हुंगली. मग टोपलीतली सगळी मासळी जिवंतच शेवग्याखाली पुरली. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्या स्वतःच्या हातांना घासलेटचा वास येत होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. ते दोन दिवस आठवले की मला आजही स्वतःची लाज वाटते. बाय सकाळ-संध्याकाळ काठाने फिरायची, चिखल हातात घेऊन हुंगायची, कंपनीच्या नाल्यापर्यंत चालत जाऊन यायची. बाजारात गेली नाही. मी मनाशी म्हणत होते, कंपनीचंच असेल. माझं तर ओहोटीबरोबर जातं. तिसऱ्या दिवशी तिने ओट्यावर बसून मुलाला सांगितलं की तिचं नाक आता म्हातारं झालं, रोज पाण्याजवळ बसून तिला वास कळला नाही, तर आता तिने मासळी विकूच नये. ते मात्र मला ऐकवेना. मी पदर खोचून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कॅन, घासलेट, सोडा, चर. ओहोटीला धुते हेही सांगितलं, जसं काही त्याने गुन्हा कमी होणार होता.

मी खोली सोडायची तयारी मनात करून आलेले, कुठली ट्रंक कशी न्यायची तेसुद्धा ठरवलेलं. बायने उठून माझ्या वाळत घातलेल्या कॅनचं एक लाल झाकण काढलं, मला पायरीवर नेलं आणि ते पाण्यात टाकलं. ओहोटी लागली होती. झाकण गिरक्या घेत गेलं, दूर गेलं, दिसेनासं झालं.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं," मी म्हटलं.

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी भरती येऊन पाणी पुन्हा उतरलं, तेव्हा तिने मला काठाच्या तिवरांत नेलं. तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. पोट सांभाळत, तिचा हात धरून मी एकेक पाऊल टाकत होते. त्या मुळांत झाकण अडकलेलं होतं. आणि एकच नव्हतं. दोन हातांवर एक, पलीकडे आणखी दोन, एका मुळाच्या बेचक्यात तीन, चिखलाने माखलेली. गेल्या दीड महिन्यात माझ्या हातून निसटलेली, वाहून गेली म्हणून मी विसरलेली झाकणं. माझ्या ओच्यात नऊ झाली. त्यांच्या आजूबाजूला करंगळीच्या नखाएवढी कोलंबीची पिल्लं डबक्यात उड्या मारत होती.

बाय म्हणाली, "खाडी कुठं नेत नाय ग. फिरवून आनते. तू पाटवलेलं मी टोपलीत बांधून ठेवत होते."

बस, एवढंच. त्या चुकीवरून ती मला यापेक्षा एक शब्दही जास्त बोलली नाही, ना त्या दिवशी ना नंतर. मी तिथेच चिखलात रडले. तिने रडू दिलं, आणि मग म्हणाली, "चल, पानी चढंल."

त्याच दुपारी ती माझ्याबरोबर शेठकडे आली. सगळे कॅन आम्ही दोघींनी डोक्यावरून परत नेले. शेठ वैतागला. मला म्हणाला, सगळ्या बायका धुतात, तुलाच काय झालं, "खाडी तेरे बाप की है क्या?" मी मान खाली घातली. बाय पुढे झाली.

"तिच्या नाय, माझ्या बापाची. त्याच्या बापाची पन. म्हनून तर मी आयलेय."

शेठने कॅन मोजून घेतले आणि आम्ही आलो.

परत येताना मी भीत भीत म्हटलं, की बाय, तो हे काम दुसऱ्या कुणालातरी देईल, घाण तर होणारच. तिने रस्त्यातच थांबून माझा हात नाकाशी नेला. "दुसऱ्याचा हात मना धुता येत नाय. तुझा धुतलास, वास निघाला." अजून थोडा वास होता तिथे, पण ती तसं म्हणाली नाही.

पोटापाण्याची सोय तिनेच केली. मला जाळं शिवायला बसवलं. आमच्याकडे गोधडी शिवतात, हात तयार होता, आठवड्याभरात गाठ जमली. पुढे वाड्यातल्या चार घरांची फाटकी जाळी माझ्याकडे यायला लागली. देशावरच्या बाईने कोळ्यांची जाळी शिवायची, हे ऐकून आमच्या गावात कुणाचा विश्वास बसला नाही.

पण बायची टोपली पुन्हा भरेल की नाही, ते काही कुणाच्या हातात नव्हतं. पुढच्या बुधवारी ती बाजारात गेली ती रिकामी, मी तिच्याबरोबर. वकीलीणबाई आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, की तुमचं बरोबर होतं, वास माझ्याच घरातून गेला होता, माझ्या घरची चूक. माझ्याकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेजारच्या बायकांनी टोमणे मारले, आता नाकाला कुलूप लाव म्हणाल्या. दोन महिने तिने फक्त सुकट आणि सुके बोंबील विकले. रोज संध्याकाळी एक चिंबोरी टोपलीत बांधायची, सकाळी उकडायची, हुंगायची आणि मान हलवायची. मीही तिच्या शेजारी बसून हुंगायचे. आधी मला काही कळत नसे. हळूहळू कळायला लागलं, की चिखलाचा वास वेगळा, तेलाचा वेगळा, कुजक्या पाल्याचा वेगळा. ज्या सकाळी वास गेला त्या सकाळी तिने आधी मला विचारलं. मी म्हटलं, "नुसती चिंबोरी आहे, बाय." तिने हुंगलं आणि टोपली उचलली.

वकीलीणबाईंनी त्या बुधवारी चिंबोरी हातात घेऊन, चष्मा वर करून, सगळ्या बाजारासमोर तिचा वास घेतला. मग पितळी डबा पुढे केला. बायने डबा हुंगला, चिंबोऱ्या भरल्या आणि वर एक कोलंबी ठेवली. "डब्याची," म्हणाली. आवाज चार जणींना ऐकू गेला. एवढ्या वर्षांत मी मोठमोठ्या माणसांचे सत्कार पाहिले, हारतुरे पाहिले. त्या कोलंबीएवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

माझा मुलगा तिच्या घरात झाला. सुइणीच्या हातातून घेऊन तिने त्यालाही आधी हुंगलं.

नव्वदनंतर यांना आंबिवलीला काम लागलं आणि आम्ही तिकडे गेलो. निघताना तिने मला एक वेताचं डालगं दिलं, होडीत असायचं तसलं, लहान. आंबिवलीच्या चाळीत मी ते मोरीजवळ ठेवलं. ओलं वेगळं, सुकं वेगळं. ओलं मागच्या शेवग्याला. शेवगासुद्धा मीच लावलेला, तिच्याकडची फांदी आणून. मोरीत तेल, घासलेट, रंग काही ओतायचं झालं की माझा हात अडतो. शेजारणी म्हणायच्या, गटारात तर जातंय, तुला काय? मी त्यांना झाकणांची गोष्ट सांगायचे. दोघींनी ऐकली, बाकीच्यांनी नाही. ज्यांनी ऐकली त्यातली एक आता मला पत्रात लिहिते, की तिच्या सुनेनेही मोरीजवळ डालगं ठेवलंय.

सहा वर्षांपूर्वी यांच्या नोकरीमुळे आम्ही रायपूरला आलो. इथे आजूबाजूला मराठी बोलणारं कुणी नाही आणि समुद्र तर दोन्ही बाजूंनी लांब. येण्याआधी मी कोलशेतला जाऊन आले. बाय थकली होती. पायरीवर बसलेली होती, मी जवळ गेले, हात पुढे केला, तिने सवयीने नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या तापानंतर तिला वास येईनासा झालाय. कशाचाच नाही.

मी तिच्याशेजारी बसले. तिवरं पहिल्यापेक्षा कमी झालेली, पलीकडे भराव टाकून इमारती उभ्या राहात होत्या. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सगले सांगतात, चांगली हाय, चांगली हाय. तू सांग. कसा वास हाय तिला?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला काय त्रास द्यायचा, असा विचार मनात आलाही. पण एकदा दोन दिवस गप्प राहून काय होतं ते मी पाहिलेलं. मी डोळे मिटून वास घेतला आणि सांगितलं, की तेलाचा नाही, पण गटाराचा आहे, आणि इमारतींच्या बाजूने काहीतरी आंबट येतंय. तिवरांजवळ मात्र अजून नुसता चिखल आहे.

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझं नाक तयार झालं. आता तू माझं बघ."

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून आले. सहा वर्षं झाली, ते 'हो' माझ्याकडे तसंच पडून आहे. रोज इथल्या मोरीजवळच्या त्याच डालग्याकडे बघताना ते मला आठवतं.

तिच्या मुलाचं पत्र येतं, बाय आहे, पायरीवर बसते. माझ्या मुलाची दहावीची परीक्षा या उन्हाळ्यात संपेल. त्याला घेऊन मी कोलशेतला जाणार आहे, आणि या वेळी पाहुण्यासारखी एक दिवस नाही. रोज ओहोटीला तिच्याशेजारी पायरीवर बसेन, भरतीलाही बसेन, वास घेईन आणि जसा असेल तसा तिला सांगेन. तिने मला दिलेलं नाक आता तिच्या कामाला लावायचं आहे. बाय, मी येते आहे. हो म्हटलेलं मी विसरलेले नाही.